अनुभव धागा : ‘तुंबाड’ तुम्हाला कुठे भेटला?

अजिंक्यताऱ्याखाली

गेल्या रविवारी साताऱ्यात सकाळपासून पावसाची झड लागली होती. मी पोळ्यांची कणीक मळत होते आणि माझ्या सात वर्षांच्या लेकीने नेहमीप्रमाणे त्यातला एक गोळा मागून घेतला. आमच्या लहानपणी आम्ही त्या गोळ्याची चिमणी करायचो आणि तव्याच्या कडेला भाजून खायचो. तिने मात्र दोन हात, दोन पाय आणि वाटाण्याएवढे डोके असलेली बाहुली केली, ती ओट्यावर भिंतीला टेकवून उभी केली, आणि कोरडे पीठ चिमटीत घेऊन तिच्याभोवती गोल रेघ ओढली. सणाला ताटाभोवती रांगोळी काढतात, तशी ती काढली असे तिने मला सांगितले. तिने ‘तुंबाड’ हा हिंदी भयपट पाहिलेला नाही, आणि तो पाहण्याचे तिचे वयही नाही. माझा हात मात्र परातीतच थांबला, कारण त्या चित्रपटात अशीच कणकेची बाहुली आमिष असते आणि अशीच पिठाची रेघ माणसाला वाचवते.

‘तुंबाड’ मी ऑक्टोबर २०१८ मध्ये, प्रदर्शित झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात पाहिला. आम्ही दोघे धरून सभागृहात अकरा जण होतो. मध्यंतरानंतर दोघे परतलेच नाहीत. चार दिवसांनी भावाला घेऊन पुन्हा जावे म्हटले, तर खेळ उतरवलेला होता. त्यानंतर कितीतरी वर्षे मी भेटेल त्या माणसाला हा चित्रपट पाहा म्हणून सांगत राहिले, आणि बहुतेकांनी ‘भुताचा आहे ना?’ एवढेच विचारले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा पडद्यावर आला तेव्हा तिकिटे मिळेनात. पुनर्प्रदर्शनाची कमाई पहिल्या प्रदर्शनापेक्षा जास्त झाली हे वाचले, तेव्हा घरातल्याच कोणाचा तरी उशिरा सत्कार व्हावा तसा आनंद मला झाला.

माझ्या मनातून जी गोष्ट जात नाही ती पहिल्या पाच मिनिटांतच सांगून होते. पूर्तीची देवी, तिच्या पोटी सोळा कोटी देव, आणि सर्वांत आधी जन्मलेला, सर्वांत लाडका हस्तर. त्याने आईचे सोने घेतले, पण धान्याकडे हात वळवला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला पोटात परत घेऊन वाचवले, ते त्याची पूजा कधीही होणार नाही या अटीवर. म्हणजे आपण ज्या जमिनीवर चालतो, पेरतो, घरे बांधतो, ती एका देवीची कूस आहे आणि तिच्या आत एक उपाशी मूल झोपलेले आहे. पाश्चात्त्य विश्वभयाच्या (कॉस्मिक हॉरर) कथांत संकट ताऱ्यांपलीकडून येते. इथे ते स्वयंपाकघराच्या फरशीखाली आहे.

तुम्हाला हा चित्रपट कुठे भेटला आणि त्यातले काय तुमच्याबरोबर राहिले, ते कृपया लिहा. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी पुढे वाचू नये, कारण इथे सगळे उघड होणार आहे.

हरिपूरचा

ताई, तुमच्या फरशीखालच्या वाक्यावर मला लिहिणे भाग आहे, कारण आमच्याकडे ती जागा खरोखर होती.

सांगलीजवळ कृष्णा आणि वारणेच्या संगमावर आमचे गाव आहे. इथे हळद साठवायला जमिनीत पेवे खणलेली असत. आता ‘पेव फुटले’ हा वाक्प्रचार सगळे वापरतात, पण पेवात उतरलेली माणसे थोडी. तोंड एक माणूस जेमतेम आत जाईल एवढे, आणि खाली पोट रांजणासारखे फुगत गेलेले. हळकुंडे भरून तोंड दगडी झाकणाने आणि मातीने बंद केले की हळद वर्षानुवर्षे टिकत असे. उघडताना मात्र घाई चालत नसे. आत कोंडलेली हवा जिवावर बेतणारी असते, म्हणून झाकण काढून पेव बराच वेळ तसेच उघडे ठेवायचे, मग दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत विझली तर कोणी उतरायचे नाही.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना वडिलांनी मला एकदा बरोबर उतरवले. वरचा उजेड बशीएवढा दिसत होता. भिंतीला हात लावला तर ती गार असेल असे मला वाटले होते, पण ती कोमट होती, आणि सगळीकडे हळदीचा इतका दाट वास होता की तो नाकात न जाता घशात उतरत होता. मी बोललो तेव्हा माझा आवाज माझ्याच छातीत परत आल्यासारखा वाटला. दहा मिनिटांत आम्ही वर आलो. त्या रात्री मी आईजवळ झोपलो आणि का ते कोणाला सांगितले नाही.

चित्रपटाचा नायक विनायक हस्तरचे सोने काढायला कंदील घेऊन दोरीने विहिरीत उतरतो आणि त्या लाल, ओलसर, श्वास घेतल्यासारख्या भिंती दिसतात, तेव्हा मी मिरजेतल्या मित्राच्या खोलीवर बसून लॅपटॉपवर चित्रपट पाहत होतो. मला लगेच तो कोमटपणा तळहाताला जाणवला. लोक त्या दृश्यातल्या हस्तरविषयी बोलतात. मला तो येण्यापूर्वीचे क्षण अधिक भयंकर वाटतात, कारण उतरणाऱ्या माणसाला आपण कोणाच्या तरी आत आहोत हे ठाऊक आहे आणि तरीही त्याचे हात सराईतपणे पिठाची रेघ ओढत आहेत. धोक्याच्या कामालाही माणसाचे हात असेच सरावतात. माझ्या वडिलांचेही सरावले होते.

२००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि बहुतेक पेवे गेली. आमचे त्यांतच गेले.

मिरजेची सून

आमच्या सासूबाईंनी हा चित्रपट केवळ अनिता दाते आहेत म्हणून लावायला सांगितला. मालिकेतली राधिका त्यांच्या फार लाडकी होती. पहिल्या अर्ध्या तासात राधिका येत नाही, हस्तरच्या शापाने राक्षसी झालेली, साखळदंडाने बांधलेली आजी येते, हे मला ठाऊक होते आणि मी त्यांना सांगायला हवे होते. त्या उठल्या नाहीत. शेवटपर्यंत पाहिला, आणि मग एवढेच म्हणाल्या की त्या म्हातारीला झोपेत भरवावे लागते, ही गोष्ट ज्याने लिहिली त्याने घरात अंथरुणाला खिळलेले माणूस पाहिलेले असले पाहिजे. त्यांनी स्वतः त्यांच्या आजेसासूंचे सात वर्षे केले होते.

कराड नाका

चित्रपटातला वाडा सासवडचा आहे, सरदार पुरंदऱ्यांचा. आम्ही जेजुरीहून येताना मुद्दाम थांबून बाहेरून पाहिला. दिवस लख्ख उन्हाचा होता आणि तरीही माझ्या पत्नीने फाटकाच्या पुढे पाऊल टाकायला नकार दिला.

धारपांचा वाचक

हा चित्रपट भयकथाकार नारायण धारपांच्या कथेवरून सुचला आहे, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतले आहे, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण आपल्याच भाषेतल्या दोन लेखकांचे हे देणे अनेकांना ठाऊक नसते. धारपांचा जन्म १९२५ चा. ते २००८ मध्ये गेले, म्हणजे चित्रपट त्यांना पाहता आला नाही.

मी सांगलीत शाळेत असताना वाचनालयातून त्यांची पुस्तके आणत असे. ती इतक्या हातांतून गेलेली असत की पाने पापडासारखी मोडत. एका संग्रहातल्या शेवटच्या कथेची अखेरची पाने कोणीतरी फाडून नेली होती. घरात नायक एकटा, दाराबाहेर काहीतरी आलेले, आणि पुढे पुठ्ठा. मला ती कथा आजपर्यंत पुरी मिळालेली नाही, आणि आता मिळू नये असेच वाटते, कारण दाराबाहेर काय होते ते मी तीस वर्षे निरनिराळ्या आकारांत पाहिलेले आहे. धारपांचे सामर्थ्य तेच होते. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घराची भिंत जरा पातळ आहे आणि पलीकडून कोणीतरी तिला टेकून उभे आहे, असे ते अगदी साध्या, बँकेतल्या कारकुनाने लिहावे अशा शांत भाषेत सांगत. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी तो शांतपणा उचलला आहे, आणि म्हणून हा चित्रपट हिंदीत बोलत असला तरी मला तो मराठीच वाटतो.

‘हस्तर’ या नावाचीही एक वाट आहे. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सच्या कथेत ‘हॅस्टर’ हा धनगरांचा देव होता. रॉबर्ट चेंबर्सने १८९५ च्या पुस्तकात ते नाव उचलले, आणि लव्हक्राफ्टने १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत त्याचा ओझरता उल्लेख केला. ते नाव आणि हे नाव यांतले साम्य मला योगायोग वाटत नाही. पण तिकडे नुसते नाव राहिले. आई, भूक आणि सोन्याच्या नाण्यांनी भरलेली लंगोट इथे मिळाली.

वाईकर

मला हा चित्रपट अतिशय आवडतो, तरी त्याला विश्वभयाचा चित्रपट म्हणणे पटत नाही. त्या प्रकारात माणसाच्या गुणदोषांना काही किंमत नसते. विश्वाला आपण आहोत की नाही याचेही सोयरसुतक नसते. इथे तर लोभाला शिक्षा होते, अगदी आपल्या श्रावणातल्या कहाण्यांसारखी. उतला, मातला, आणि बुडाला.

अजिंक्यताऱ्याखाली

वाईकर दादा, तुमचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला. मग सदाशिवाचे काय? विनायकचा तो धाकटा भाऊ, ज्याने कशाचाही लोभ धरला नाही, पडून जखमी झाला आणि गेला. देवांच्या शापाने तुंबाडवर अखंड कोसळणारा पाऊस सगळ्या गावावर पडतो, फक्त हस्तरचे देऊळ बांधणाऱ्यांवर नाही. आणि हस्तर कोणाची परीक्षा घेत नाही. तो न्याय करायला येत नाही, त्याला भूक लागलेली आहे म्हणून येतो. कहाणीतला देव चुकलेल्याला उःशाप देतो. या आजीला मरणही मिळत नाही. १९३३ मध्ये विनायक परत येतो तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले आहे आणि आतले काळीज अजून धडधडते आहे. तिचे नाव त्या देवाला ठाऊक असेल असे मला वाटत नाही. तुम्ही म्हणता ते सोयरसुतक नसणे हेच नव्हे का?

वाईकर

सदाशिवाकडे माझे लक्ष गेले नव्हते, हे मान्य करतो. पुन्हा पाहीन आणि मग लिहीन.

कोयनाकाठचा

पावसाविषयी कोणीच सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझे गाव पाटण तालुक्यात आहे. आमच्याकडे जूनमध्ये ढग खाली उतरले की सप्टेंबरपर्यंत दुपारच्या बारालाही तिन्हीसांजेसारखा उजेड असतो. सावली पडतच नाही. भिंतींना बुरा येतो, मिठाच्या बरणीत पाणी सुटते, चुलीवर वाळवलेल्या कपड्यांना धुराचा वास येतो तो दिवाळीपर्यंत जात नाही. चित्रपटांतला पाऊस बहुधा खोटा असतो, कारण त्याच्या मागे ऊन दिसते. ‘तुंबाड’मध्ये मला पहिल्यांदा आमचा उजेड दिसला. २०१२ मध्ये सुरू केलेले चित्रीकरण मनासारखे उतरले नाही म्हणून त्यांनी पुन्हा केले आणि ते २०१५ पर्यंत चालले. पावसाळ्याची वाट पाहत बसणाऱ्यांची ती चिकाटी प्रत्येक चौकटीत दिसते. पंकज कुमार यांना छायाचित्रणासाठी फिल्मफेअर मिळाले, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण मी माझ्या भावाला रात्री फोन करून सांगितले होते.

आजोबांचे मूळ गाव शिवसागर जलाशयाखाली गेले. ग्रामदेवतेची मूर्ती वर आणली, पण देऊळ खालीच राहिले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पायऱ्या दिसतात. आजोबा तिकडे तोंड करून कधी जेवायला बसत नसत, आणि त्याचे कारण विचारलेले त्यांना आवडत नसे. चित्रपट पाहिल्यावर मी ते विचारण्याइतका मोठा झालो होतो, पण तेव्हा ते नव्हते.

रात्रपाळी

गाळप हंगामात कारखान्यावर रात्रपाळीला मोबाईलवर तुकड्या-तुकड्याने पाहिला. पडदा लहान होता, म्हणून मी अधिक ऐकला. साखळी ओढल्याचा आवाज, पागोळ्या, पितळी भांड्यावरचा थेंब, आणि गर्भात उतरल्यावर अचानक पाऊस थांबतो ती शांतता. याला ध्वनिरचनेचेही फिल्मफेअर होते हे नंतर कळले. पार्श्वसंगीत यस्पर किड या डॅनिश संगीतकाराचे आहे; माझा धाकटा भाऊ संगणकावर जे खेळ खेळतो त्यांचे संगीत याच माणसाने दिलेले आहे, हे त्यानेच मला अभिमानाने सांगितले.

एक विचारायचे होते. हरिपूरचे दादा, कंदील विझला नाही, पण ज्योत बारीक झाली, तर काय करत असत?

हरिपूरचा

तर थांबत असू. आणखी तासभर झाकण उघडे ठेवायचे, वरून सुपाने वारा घालायचा आणि पुन्हा कंदील सोडायचा. वडील म्हणत की ज्योत बारीक झाली म्हणजे पेवाने अर्धा होकार दिला आहे, आणि अर्ध्या होकारावर उतरू नये. शेवटी विनायक हस्तरची सगळी लंगोटच आणायला मुलाला घेऊन, गठ्ठाभर बाहुल्या घेऊन खाली जातो, आणि एका हस्तराऐवजी जितक्या बाहुल्या तितके हस्तर छतावरून उतरतात, तेव्हा मला वडिलांचे हेच शब्द आठवले होते.

मिरजेची सून

विनायकचा मुलगा पांडुरंग आणि ती आजी, दोन्ही कामे मोहम्मद समद या एकाच मुलाने केली आहेत, हे मी काल सासूबाईंना सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. शेवटी पांडुरंग बापाने पुढे केलेली लंगोट घेत नाही आणि त्याला पेटवतो, ते दृश्य त्यांनी मला पुन्हा लावायला लावले आणि त्याच्या तोंडाकडे चष्मा लावून नीट पाहिले. ‘हाच तो,’ असे म्हणाल्या. ‘मान तशीच धरतो.’

अजिंक्यताऱ्याखाली

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मान मी पुढच्या वेळी पाहीन. कणकेची बाहुली मी मोडली नाही, लेकीला वाईट वाटले असते. संध्याकाळी तिनेच ती परसात चिमण्यांना घातली आणि पिठाची रेघ मी ओल्या फडक्याने पुसून घेतली.