नुसतं चिलखत चढवून टँक होत नाही

भावा, तू म्हणालास की डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या पात्र-खेळात फायटरचा (लढवय्या पात्राचा) एसी, म्हणजे त्याला मार लागायला शत्रूनं गाठायचा आकडा, वाढवला की झाला टँक, म्हणजे सोबत्यांवरचा मार स्वतःवर घेणारा. तसं नसतंय. या खेळात राक्षसानं तुलाच मारावं असं बंधन नाही. तुला वळसा घालून तो सरळ विझार्डच्या (जादूगाराच्या) उरावर बसतोय.

राजारामपुरीत आमचा रविवारी डाव असतो, तिथं ‘प्रोटेक्शन’ ही सोबत्याला वाचवायची लढण्याची स्टाइल लई कामाला येते. हातात ढाल आणि सोबती पाच फुटांच्या आत, एवढंच पाहिजे. ऑगर राक्षसानं 17 एसीच्या क्लेरिकवर (पुजारी पात्रावर) गदा उगारली की फासा पडायच्या आधीच ‘ढाल!’ म्हणून ओरडायचं, की त्याच्या हल्ल्याला डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. त्याचा हल्ला +6, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 11 किंवा जास्त पडले की लागणार. एका फाशावर शक्यता 50 टक्के, डिसअॅडव्हान्टेजनं थेट 25. (खेळ चालवणाऱ्या डीएमचं तोंड बघण्यासारखं होतंय.)

घोळ एकच, यात रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी झटपट कृती) जाते आणि ती फेरीत एकदाच मिळते. ‘सेंटिनेल’ या खास कौशल्यानं पळणाऱ्याला जागीच खिळवायचं तर तीच रिॲक्शन लागते. त्यामुळं दोन्ही घेऊन बसण्यात 2014च्या नियमांत तरी फार मजा नाही. 2024च्या नियमांत तुम्ही जवळ थांबलात तर त्याच सोबत्यावरच्या पुढच्या हल्ल्यांनाही, तुमची पाळी येईपर्यंत, डिसअॅडव्हान्टेज. तुमचा डीएम कुठले नियम धरतोय, ते आधी विचार.