कर्णबधिर काकांची शोकसभा: दुभाषी, बैठक आणि चित्रीकरण कसं करावं?

नदीकाठ

आमच्या तालुक्यातल्या कर्णबधिर मंडळाचे ज्येष्ठ काका गेल्या आठवड्यात वारले. अपंगत्वाचे दाखले, एस.टी.च्या सवलतीचे कागद, स्थळं जुळवणं, क्रिकेटचे सामने, सगळं त्यांच्याच अंगावर होतं. तेराव्यानंतरच्या रविवारी शोकसभा आहे. साधारण १२० माणसं येतील, त्यातली ७० कर्णबधिर. सभागृह शाळेचं, व्यासपीठामागे मोठ्या खिडक्या. दुभाषी किती लागतील? दोन मिनिटांच्या शांततेचं काय करायचं? मित्रांच्या आठवणी चित्रित करून ठेवायच्या आहेत, त्यात काय सांभाळावं? काकांच्या मुलीला सांकेतिक भाषा उत्तम येते, तिलाच दुभाषी करा असं काही जण म्हणतात.

सेतू

मुलीला अजिबात उभं करू नका. तिचे वडील गेलेत. त्या दिवशी तिला कुणाचं बोलणं पोचवायचं ओझं नको.

दुभाषी दोन घ्या. दोन तासांची सभा एकट्याला झेपत नाही. हातांच्या आधी डोकं थकतं, वाक्यं गळायला लागतात आणि समोरच्यांना ते कळतही नाही. दर १५-२० मिनिटांनी पाळी बदलायची. बसलेल्यानं सुटलेलं नाव किंवा साल खुणेनं पुरवायचं. ठरवताना स्पष्ट विचारा: खुणांवरून मराठी बोलायचा सराव आहे का? बोलण्यावरून खुणा करणारे पुष्कळ मिळतात, पण म्हाताऱ्या माणसांच्या खुणा वाचून बोलणारे थोडे. तीन दिवस आधी त्यांना काकांचं खूण-नाव (मंडळात त्यांना ज्या खुणेनं ओळखतात ती), नातेवाइकांची आणि गावांची नावं, म्हणायच्या अभंगाचे शब्द पाठवा. जुनी मराठी ऐनवेळी खुणांत येत नाही.

आणखी एक, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. अशा सभांत आधी सरपंच, मग मुख्याध्यापक, मग नातेवाईक बोलतात आणि ज्यांच्यात काका आयुष्यभर वावरले त्यांना शेवटची पाच मिनिटं उरतात. क्रम उलटा करा. पहिला तास मित्रांचा, खुणांमध्ये. तेव्हा दुभाषी पहिल्या रांगेत व्यासपीठाकडे तोंड करून हातात माइक घेऊन बसेल आणि ऐकणाऱ्यांना मराठीत सांगेल. त्या तासात भाषांतराची गरज ऐकणाऱ्यांना असेल, आणि तसंच असायला हवं.

उजेड

खिडक्या मागे असतील तर उभा माणूस नुसती काळी सावली दिसतो. जाड पडदे लावा, नाहीतर व्यासपीठ समोरच्या भिंतीला न्या. पोडियम काढून टाका, त्यामागे हात झाकले जातात. हार घातलेला फोटो आणि समई एका कडेला ठेवा. दुभाषी वक्त्याच्या अगदी शेजारी, फूटभर उंचीवर, अंगात एकरंगी कपडे (सावळ्या हातांना फिकट, गोऱ्यांना गडद). खुर्च्या अर्धवर्तुळात, सहा-सात रांगांत. पहिल्या दोन रांगा पाहुण्यांसाठी अडवू नका. फार मागून बोटांनी काढलेली अक्षरं वाचता येत नाहीत.

जुने फोटो पडद्यावर दाखवताना सगळे दिवे घालवतात, ही नेहमीची चूक. दुभाष्यावर एक दिवा चालू ठेवा. फोटो आणि खुणा एकाच वेळी बघता येत नाहीत. म्हणून आधी माहिती, मग फोटो, त्यावर पूर्ण दहा सेकंद शांत थांबा.

शांतता: मान खाली घातलेल्या कर्णबधिर माणसाला दोन मिनिटं संपली हे कसं कळणार? सुरुवातीला आणि शेवटी सभागृहाचे दिवे दोनदा उघडझाप करा आणि हे आधी सांगून ठेवा. वीज गेली तर बोलणंच बंद पडतं, तेव्हा दोन चार्जिंगचे दिवे हाताशी हवेत. ज्याला दिसतही नाही असा कुणी बधिर मित्र येणार असेल तर त्याच्या हातात हात देऊन खुणा करणारा माणूस वेगळा लागेल.

चौकट

चित्रीकरणाबद्दल. मोबाइल आडवा, स्टँडवर. चौकटीत डोक्याच्या वर वीतभर जागा, खाली कंबर, दोन्ही बाजूंना कोपरं पसरली तरी मावतील इतकी मोकळीक. हात पुढे आले की कॅमेरा त्यांच्यावर फोकस करतो आणि चेहरा धूसर होतो. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा. भुवया आणि ओठ खुणांच्या व्याकरणाचाच भाग आहेत. सेकंदाला ५० फ्रेम, शटर १/१०० ठेवा. २५ फ्रेमवर, मंद शटरला वेगवान बोटं पुसट होतात, आणि १/१०० ला ट्यूबलाइटची थरथर येत नाही. मागे एकरंगी चादर, चौकड्यांचा शर्ट नको. प्रश्न विचारणाऱ्यावर दुसरा मोबाइल, नाहीतर निम्मा संवाद हरवतो.

काय विचारावं? खूण-नाव कुणी दिलं आणि का. मोबाइल नव्हते तेव्हा निरोप कसे जायचे, कुठल्या वारी कुठे भेटायचं ठरलेलं असे. (मुंबईत लोकलचा अपंगांचा डबा हा असाच भेटीचा अड्डा आहे.) गावांच्या, शाळेच्या, शिक्षकांच्या जुन्या खुणा मुद्दाम करून घ्या. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द होते, पण तुमच्या तालुक्याच्या या खुणा त्यात सापडतीलच असं नाही.

मराठी ओळी खाली टाकण्याआधी खुणा करणाऱ्यालाच त्या दाखवा. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि बोटं विरघळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नदीकाठ

मनापासून आभार. निमंत्रणात 'मूकबधिर' लिहिलंय, आणि 'अपंगत्वावर मात करून' असंही. बदलावं का?

सेतू

दोन्ही काढा. 'कर्णबधिर' किंवा 'बधिर' लिहा. ते मुके नव्हते, त्यांची भाषा हातांची होती. 'मात करून'च्या जागी कामं लिहा: किती दाखले काढून दिले, कुठले सामने भरवले. मंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्यांत सालांसकट सापडेल. आणि नावाखाली त्यांच्या खूण-नावाचा फोटो छापा. मंडळातल्या कित्येकांना कागदावरचं नाव वाचून ओळख पटणार नाही, ती खूण बघून पटेल.