मदत हवी आहे : ऑगस्टचा महिना हायडेलबर्गमध्ये – राहणं, खाणं आणि चार शनिवार-रविवार

मेथीचा_लाडू

नमस्कार मंडळी,

मॅक्स म्युलर भवनात बी-१ झालं आणि आता ऑगस्टभर हायडेलबर्गला जर्मनच्या समर कोर्सला चालले आहे. व्हिसा हातात आहे, विमाही झाला. देशाबाहेर पहिल्यांदाच, तेही एकटी. ३१ जुलैला शुक्रवारी दुपारी फ्रँकफर्टला उतरते, वर्ग सोमवारपासून. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातली खोली मिळाली आहे. तिथला मुलगा सुट्टीला घरी जातोय, म्हणून महिन्यापुरती त्याची खोली मला दिली आहे. स्वयंपाकघर सहा जणांत मिळून.

घरच्यांची यादी तयारच आहे: पॅरिस, प्राग, स्वित्झर्लंड. काका म्हणतात, एवढं विमानाचं भाडं भरतेस तर युरोप उरकूनच ये. मला ते झेपेलसं वाटत नाही, पण पुन्हा कधी जाणं होईल कुणास ठाऊक. वर्ग रोज ९ ते १, वर गृहपाठ. कसं बसवावं?

शिवाय एक सिनियर म्हणते, पोचल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवला नाही तर दंड होतो. खोलीवाला म्हणतो गरज नाही. खरं काय? शाकाहारी जेवणाचं काय? आणि छोटा कुकर न्यावा का?

रानवारा

मी शेजारीच, मॅनहाइमला असतो. काका-बिका बाजूला ठेव, आधी किल्लीचं बघ. तू शुक्रवारी दुपारी उतरणार. सामान घेऊन हायडेलबर्गला पोचेपर्यंत संध्याकाळ, आणि वसतिगृहांची कार्यालयं शुक्रवारी लवकर बंद होतात. किल्ली कुणाच्या हातून मिळणार हे आजच मेसेज करून लेखी घे. नाहीतर पहिली रात्र हॉटेलात.

दुसरं, रविवारी दुकानं बंद. सुपरमार्केटसुद्धा. रेल्वे स्टेशनातली एखाददुसरी उघडी असतात आणि महाग असतात. दूध, ब्रेड, साबण, जे लागेल ते शनिवारीच आण.

पत्त्याच्या बाबतीत खोलीवाल्याचं बरोबर आहे. एरवी परदेशात राहणारा माणूस तीन महिन्यांहून कमी राहणार असेल तर नोंदणी लागत नाही. सिनियर पदवीसाठी गेली असणार, तिला तो नियम लागू होता.

प्रवासाला डॉइचलँड-टिकट घे, महिन्याला ६३ युरो. देशभरातल्या लोकल, प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम सगळं त्यात येतं. आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत. ते १ तारखेपासून घे. ३१ जुलैच्या एका दिवसासाठी जुलैचे पैसे घालवू नकोस, त्या दिवसाचं तिकीट सुटं काढ. आणि हे सभासदत्व आपोआप पुढे चालू राहतं. १० ऑगस्टच्या आत रद्द केलं नाहीस तर सप्टेंबरचेही पैसे कापले जातील. फोनमध्ये आत्ताच गजर लावून ठेव.

आता भटकंती. हायडेलबर्गच एका शनिवारात संपत नाही. किल्ला सगळेच बघतात. पण संध्याकाळी नदीपलीकडच्या फिलॉसॉफेनवेग या वाटेवर चढून जा. समोर जुना पूल, गाव आणि वर तांबड्या दगडाचा पडका किल्ला एका नजरेत येतो. ऑगस्टच्या सुरुवातीला नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे गृहपाठ उरकूनही जाता येतं. विद्यापीठाची जुनी कोठडी बघच. दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठच तिथं डांबायचं, १९१४ पर्यंत. त्यांनी भिंती छतापर्यंत चितारून ठेवल्यात. १९०७ मध्ये कवी इक्बालही तुझ्यासारखाच जर्मन शिकायला इथं आला होता. नेकार नदीच्या काठावर त्याच्या नावाचा रस्ता आहे. आणि खंडोबा, बिरोबा, धनगरांच्या ओव्या यांत आयुष्य घालवलेले ग्युंटर सोंथायमर इथल्याच दक्षिण आशिया संस्थेतले.

बाकी शनिवारी श्पायर (हजार वर्षांच्या घरातलं कॅथेड्रल, शिवाय तंत्रसंग्रहालयात आत शिरून बघता येणारं जंबो जेट), श्वेत्सिंगेनच्या राजवाड्याची बाग, माउलब्रोनचा मठ. जाणं-येणं सगळं त्याच ६३ युरोंत.

भटका_जोशी

रानवाराशी अर्धाच सहमत. तो तिथं राहतो, त्याला श्पायर केव्हाही आहे. पोरगी पुण्याहून येतेय. मॅनहाइमहून पॅरिस थेट गाडीनं साधारण सव्वातीन तास. शेंगेन व्हिसावर फ्रान्स चालतं. एक शनिवार-रविवार पॅरिसला दे, तिकीट मात्र आत्ताच काढ, उशीर केलास की भाव दुप्पट दिसतो. प्राग आणि स्वित्झर्लंड सोड. एका रात्रीत प्राग करणारे लोक स्टेशन बघून येतात.

स्वस्तात परदेश हवा असेल तर फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. सीमेवरच्या केल या जर्मन गावापर्यंत तुझं डॉइचलँड-टिकट चालतं. तिथून ऱ्हाइन ओलांडणारी ट्राम धर, तिचं तिकीट वेगळं. पासपोर्ट जवळ असू दे, परत येताना तपासतात कधीकधी.

सुलभाताई

अगं, कुकर नेऊ नकोस. सहा जणांच्या स्वयंपाकघरात रात्री दहानंतर शिट्टी वाजली की दारावर टकटक होते, दहा ते सहा तिथं शांततेची वेळ. मूग डाळ, मसूर डाळ उघड्या भांड्यात होते. मारस्टाल या विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये बुफे असतो, ताट वजनावर मोजतात, त्यात भाज्या-कोशिंबिरी भरपूर. सुट्टीत वेळा बदलतात तेवढं बघून जा.

पंखा नसतो गं खोलीत. ऑगस्टात पारा पस्तिशीला जातो कधी. दिवसा खिडकीचं शटर पूर्ण खाली, रात्री खिडक्या सताड उघड्या. आपल्याकडच्या दोन गोल पिनांचा चार्जर तिथं बसतो, तीन पिनांचा बसत नाही.

रिकाम्या बाटल्या फेकू नकोस, बहुतेक प्लॅस्टिकच्या बाटल्यांमागे २५ सेंट परत मिळतात. सुपरमार्केटच्या दाराशी यंत्र असतं, त्यात टाकायच्या आणि चिठ्ठी काउंटरवर द्यायची. नळाचं पाणी बिनधास्त पी.

मेथीचा_लाडू

खूप खूप आभार सगळ्यांचे! खोलीवाल्याला लगेच मेसेज केला. किल्ली कार्यालयातच ठेवणार होता!! आता शेजारच्या खोलीतल्या मुलीकडे देतोय, ती शुक्रवारी घरीच आहे. पॅरिस दुसऱ्या आठवड्यात टाकते, बाकी रानवारादादांची यादी. काकांना सांगायचं काम आईकडे दिलंय.

एकच राहिलं. पोळ्यांसाठी कणीक पुण्याहून न्यावी का?

सुलभाताई

अजिबात नको, वजन वाया. एशियन दुकानात आटा मिळतो. तिथवर जायचं नसेल तर सुपरमार्केटात गव्हाच्या पिठावर टाइप लिहिलेला असतो. ४०५ म्हणजे आपला मैदा, तो नको. १०५० घे, थोडं जास्त पाणी लागतं, अर्धा तास मुरू दे. लाटणं मात्र ने, लहानसं.

रानवारा

लाटणं चेक-इन बॅगेत, हातातल्या नको.