‘सिमँटिक’ला ‘अर्थपूर्ण’ म्हणावं का?

बोरू:
वेबची पुढची पिढी आणि एचटीएमएल (वेबपानं लिहायची खुणांची भाषा) या विषयावरचा लेख मराठीत आणतोय. ‘सिमँटिक एचटीएमएल’चं ‘अर्थपूर्ण एचटीएमएल’ केलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं. मला खटकतं. मग बाकीचं काय निरर्थक? आणि ‘सिमँटिक वेब’लाही हाच शब्द चालेल का?

जुळारी:
अर्थपूर्ण असतो तो मजकूर. टॅगचं, म्हणजे मजकुराला घातलेल्या खुणेचं, काम अर्थ सांगायचं, म्हणून ‘अर्थदर्शक’ घ्या. नुसत्या डिव्हला, म्हणजे काहीच अर्थ न सांगणाऱ्या चौकटीच्या टॅगला, रंग देऊन, कडा गोल करून बटन बनवता येतं. डोळ्यांना फरक कळत नाही. पण टॅबची कळ दाबत गेलात तर ते सरळ ओलांडलं जातं आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) त्याला बटन म्हणत नाही. ‘बटन’ टॅग वापरला की हे सगळं आपसूक मिळतं. ‘टाइम’ टॅग तर त्याहून छान: वाचणाऱ्याला दिसतं ‘गुढीपाडवा’, आणि टॅगच्या पोटात यंत्रासाठी लिहिलेलं असतं २०२५-०३-३०.

उंटावरचा:
अर्थदर्शक +१. दिसणं वेगळं आणि असणं वेगळं, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको, आपण ते भोगलंय. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीची सामायिक संगणकी संकेतपद्धत) रुळण्याआधी कित्येक मराठी संकेतस्थळं स्वतःचा फाँट घेऊन यायची. पडद्यावर ‘महाराष्ट्र’, आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. फाँट उतरवला नाही की तोच काला समोर. शोधयंत्राला तर हे मराठी आहे याचा पत्ताच नसे. ‘फाँट’ टॅग टाळा, असं एचटीएमएल ४ ने १९९७ मध्येच सांगितलं होतं. ऐकतो कोण!

जुळारी:
आणि आज युनिकोड असूनही पानाची भाषा सांगायला लोक विसरतात. पानाच्या टॅगमधल्या ‘लँग’ या जागी ‘एमआर’ (मराठीची खूण) एवढंच लिहायचं असतं. ते असेल आणि फाँटमध्ये सोय असेल, तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. नाहीतर बऱ्याच फाँटांत हिंदी वळणाचे येतात. स्क्रीन रीडरही आवाज त्यावरूनच निवडतो. हिंदी आवाजात आपल्या चाकाचं ‘च्याक’ होतं.

बोरू:
अर्थदर्शक पक्का. सिमँटिक वेबचं काय?

जुळारी:
तो वेगळा प्राणी, त्याला ‘अर्थजाल’ म्हणा. २००१ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी ही कल्पना मांडली, ती विदेतली (डेटातली) नाती यंत्राला कळावीत म्हणून. तिथे भर पानाच्या रचनेवर नाही. त्या स्वप्नातलं रोजच्या वापरात उतरलं ते थोडंच. २०११ पासून शोधयंत्रांनी मिळून ठरवलेली स्कीमा डॉट ऑर्गची, पानावरची माहिती कशाची आहे हे यंत्राला सांगणारी शब्दावली हे त्यातलं ठळक. पाककृतीचा वेळ शोधनिकालातच दिसतो, तो बहुधा तिच्या कृपेने.

पुढच्या पिढीबद्दल लिहिताना एक्सएचटीएमएल २ चा उल्लेख जरूर करा. जुन्याशी फारकत घेणारं, अगदी सोवळं एचटीएमएल होणार होतं ते. २००९ मध्ये डब्ल्यू३सीने (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने) त्याचा गाशा गुंडाळला. ब्राउझरवाल्यांनी २००४ मध्येच वेगळी चूल मांडून जुन्यालाच जोड द्यायला घेतली होती. त्यातून एचटीएमएल ५ आलं आणि २०१४ मध्ये डब्ल्यू३सीची मोहोर उमटली. या दोघांच्या २०१९ च्या करारानंतर मानक एकच, तेही बिनआकड्याचं. त्याला ‘लिव्हिंग स्टँडर्ड’ म्हणतात.

बोरू:
‘जिवंत मानक’?

उंटावरचा:
बाकीची मेली का? ‘चालू मानक’ही नको, चालू माणसासारखं वाटतं. ‘वाढतं मानक’ बघा.

बोरू:
‘वाढतं’ घेतो. लेखात शेवटी ‘वेब३’ आहे, त्यालाही अर्थजालच म्हणू?

जुळारी:
थांबा! ‘वेब ३.०’ हे नाव अर्थजालासाठी वापरलं जायचं. ‘वेब३’ ब्लॉकचेनवाल्यांचं (बिटकॉइनसारख्या चलनांमागची सामायिक नोंदवही म्हणजे ब्लॉकचेन), इथेरियमचे सहसंस्थापक गॅव्हिन वुड यांनी २०१४ मध्ये काढलेलं. त्याचा टॅगांशी काडीचा संबंध नाही. मूळ लेखात टिंब आहे का ते आधी पाहा, आणि लेखकानेच दोन्ही एकत्र केली असतील तर त्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.