अंडं आणि गहू वगळून पॅटिस: फुटू नयेत म्हणून

ॲलर्जीमुळे अंडं आणि ब्रेडचा चुरा वगळला की भाज्यांचे पॅटिस तव्यावर फुटतात, ते कसं टाळायचं? बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. बटाटे सालासकट उकडा, निथळून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच किसा. गरम कुस्करले की मिश्रण चिकट, ओलसर राहतं.

एका अंड्याऐवजी १ मोठा चमचा जवसाची बारीक पूड ३ मोठे चमचे पाण्यात कालवून १० मिनिटं ठेवायची. चमच्याला तार सुटली की घालायची. अख्खे जवस भिजवून हे साधत नाही. आणि जवस बांधून ठेवतात, फुगवत नाहीत, म्हणून तीन-चार अंड्यांच्या केकमध्ये हीच युक्ती लावली तर मधला भाग गिच्च होतो.

बाहेरून घोळवायला तांदळाचं पीठ पुरतं. ओट्स घेणार असाल तर ग्लुटेनमुक्त (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन) असं छापलेलेच. साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ सहज होते.

तेल मात्र ताजंच! आधी ब्रेड किंवा मैद्याचं काही तळलेल्या तेलात गव्हाचे कण उरतात, ते तापवून निरुपद्रवी होत नाहीत. पिठाची चाळणी वेगळी ठेवा, जाळीतलं पीठ धुऊनही पुरतं निघत नाही. जवसाचीही काहींना ॲलर्जी असते. तिथे तो वगळून बटाटा वाढवा.