जुन्नरची एक दिवसाची सहल, खाजगी गाडी + गाईड: सल्ला हवा

कोथरूडकर_मामा
नमस्कार मंडळी. भाची आणि तिचा जर्मन नवरा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात येताहेत. भाचेजावयांना पुतळे आणि मॉल बघायचे नाहीयेत, "काहीतरी जुनं आणि डोंगरातलं" दाखवा म्हणतात. माझ्या डोक्यात जुन्नर आहे. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, जमल्यास कुकडेश्वराचं देऊळ. सकाळी निघून रात्री परत. आम्ही पाच जण, मी, बायको, आई (वय 74, गुडघे), आणि ही दोघं. इंग्रजी बोलणारा गाईड हवाय कारण मी दिवसभर भाषांतर करत बसलो तर मला काहीच बघायला मिळणार नाही. बजेट गाडी आणि गाईड मिळून 6 हजार, जेवण वेगळं. कुणी असं केलंय का? गाईड कुठून घ्यायचा?

सह्यभटक्या
जुन्नर कशाला, रायगड करा. रोपवे आहे आईंसाठी.

केतकी_हडपसर
नाणेघाटला गेलात तर जुलैमध्येच जा, तो उलटा धबधबा म्हणजे काय सांगू, खालून वारा एवढा येतो की पाणी वर उडून आपल्याच तोंडावर येतं. आम्ही गेलो तेव्हा नवऱ्याची छत्री पार उलटी झाली आणि दरीत गेली, 850 ची होती.

कोथरूडकर_मामा
ताई, डिसेंबर आहे हो.

केतकी_हडपसर
हो हो ते वाचलं, पण पुढच्या वेळी लक्षात ठेवा. आणि शनिवार-रविवारी जाऊ नका पावसाळ्यात, गर्दी इतकी की घाटघरच्या रस्त्यावर दीड तास उभे होतो.

निवृत्त_पण_प्रवृत्त
मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून जुन्नर चौदा वेळा केले आहे. खाजगी टूर वगैरे शुद्ध उधळपट्टी. शिवाजीनगरहून एसटी पकडा, जुन्नर स्टँडवर उतरा, रिक्षा ठरवा. माझा एकूण खर्च माणशी 700 च्या आत, त्यात मिसळ धरून.

चहाबाज
काका 74 वर्षांच्या आजींना एसटीने नाणेघाट? 😀

निवृत्त_पण_प्रवृत्त
माझ्या सासूबाई गेल्या होत्या. तेव्हा त्या 71 च्या होत्या. आणि खणखणीत होत्या.

म्युनिकवासी
मी गेल्या वर्षी माझ्या ऑफिसातल्या दोघांना घेऊन हेच केलं. इनोव्हा आणि "सर्टिफाइड हेरिटेज एक्स्पर्ट" असं पॅकेज, 14 हजार. एक्स्पर्ट पुण्याहूनच गाडीत बसून आला आणि चाकणपर्यंत झोपला. शिवनेरीवर त्याने गंगा-जमुना टाक्यांपाशी सांगितलं की इथून भुयार थेट साताऱ्याला निघतं. माझा सहकारी सिव्हिल इंजिनिअर, त्याने विचारलं वेंटिलेशनचं काय, तर म्हणे ते गुपित आहे. वर परतीच्या वाटेवर एका वाइनच्या दुकानात पाऊण तास, तिथे त्याचं कमिशन असणार. कंपनीचं नाव घेत नाही, पैसे परत मिळायची अजून अंधुक आशा आहे. तुम्ही चांगला गाईड घ्या, पैशाकडे बघू नका, 15-16 हजार गेले तरी चालतील.

सह्यभटक्या
साताऱ्याला नाही, दिल्लीला जातं भुयार, आमच्या गाईडने सांगितलेलं.

दगडफूल
प्रत्येक किल्ल्यावरचं भुयार दिल्लीला निघतं, तरी आपले लोक तिकडे जायला रेल्वेचं वेटिंगच का काढतात कळत नाही.

मामा, तुमच्या भाचेजावयांसाठी एक सांगतो. जुन्नरच्या लेण्यांमध्ये तीन यवनांचे (त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परके) दानलेख आहेत, इरिल, चिट आणि चंद अशी नावं. त्यातल्या इरिलापुढे "गतान" असा शब्द आहे, आणि एके काळी काही युरोपीय अभ्यासकांनी त्याचा अर्थ गॉथ लावला होता! म्हणजे जर्मनांचे चुलत-चुलत पूर्वज जुन्नरला येऊन पाण्याची टाकी दान करून गेले असं. आज ते फारसं कुणी धरत नाही, पण गाडीत सांगायला झकास. ज्याला हे माहितीये तो गाईड घ्या, हीच परीक्षा. फोनवर विचारा "यवनांचे लेख माहिती आहेत का", आणि तो म्हणाला "सगळं दाखवतो साहेब" तर फोन ठेवा.

जुन्नरी
मी मूळचा तिकडचाच, आता पिंपरीत. हिशोब आधी करा. पुणे-जुन्नर साधारण 95 किमी, जुन्नर ते नाणेघाट अजून तीसेक, तो रस्ता वळणावळणाचा, तास धराच. जाऊन येऊन 260-270 होतात. भाड्याची सात सीटर 300 किमीचं मिनिमम लावते, किमीला 18-20, वर ड्रायव्हर भत्ता आणि टोल. म्हणजे तुमचे 6 हजार गाडीतच संपले, गाईडला चहा पाजायला पण उरत नाहीत. त्यापेक्षा गाडी घरची काढा आणि पैसे गाईडवर घाला. आणि गाईड जुन्नरचाच घ्या, पुण्याहून नेऊ नका. तिथे पोरं आहेत, लेण्यांत रोज फिरणारी, ब्राह्मी थोडीफार वाचता येणारी. इंग्रजी मोडकंतोडकं असेल.

दुसरं, तिन्ही ठिकाणं एका दिवसात होत नाहीत. होतात म्हणणारे पळत असतात. सहाला चाकण ओलांडलंच पाहिजे, साडेसातनंतर तिथे अडकलात तर अर्धी सहल कंपन्यांच्या बसच्या मागे. शिवनेरी नीट बघायला तीन तास. मग जेवण, मग पूरचं कुकडेश्वर, ते नाणेघाटच्या वाटेवरच आहे, मग नाणेघाट. लेण्याद्री सोडा. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघ्याचं काम नाही.

केतकी_हडपसर
+1 लेण्याद्री सोडा. माकडं भयंकर. माझ्या जावेच्या हातातून प्रसादाची पिशवी गेली.

सह्यभटक्या
बरोबर, लेण्याद्री सोडा. शिवनेरी मात्र मस्ट, आता तर वर्ल्ड हेरिटेज झालाय जुलै 2025 मध्ये, बारा किल्ल्यांमध्ये. रायगड पण आहे त्यात हां.

निवृत्त_पण_प्रवृत्त
लेण्याद्री सोडावी याच्याशी सहमत. मात्र नाणेघाटात जो दगडी रांजण आहे तो अवश्य दाखवावा, त्यात सातवाहन काळात व्यापारी जकातीची नाणी टाकत, म्हणून नाणेघाट हे नाव. जगातला पहिला टोल नाका.

दगडफूल
काका, रांजण जुना आहे, घाटातून कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नर-पैठणकडे चढायचा हेही खरं, जकात घेतली जात असेलही. पण रांजणावर कुठे "येथे टोल भरा" लिहिलेलं नाही. लिहिलेलं आहे ते गुहेत, दोन्ही भिंतींवर, ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा. सातवाहनांची राणी नागनिका, तिच्या नावाने ओळखला जातो तो लेख. त्यात यज्ञांची यादी, अश्वमेध वगैरे, आणि दक्षिणा म्हणून किती गायी, किती हत्ती, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले त्याचे आकडे. आकडे कोरलेत म्हणून तर गणितवाले लोक त्या भिंतीवर जीव टाकतात. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या, आता नुसती पावलं उरलीत, वर नावं आहेत. हे सोडून सगळे रांजणाबरोबर सेल्फी काढतात.

निवृत्त_पण_प्रवृत्त
मी चौदा वेळा गेलो आहे.

दगडफूल
लेख एकदाही वाचला नाहीत ना?

चहाबाज
पॉपकॉर्न आणलाय. दरम्यान मामा, नारायणगावच्या आसपास मासवडी खा, जर्मन माणसाला सांगा की नावात मासा आहे पण आत बेसन, तीळ, खोबरं, लसूण. माझा एक बंगाली मित्र काटे शोधत बसला होता.

अनिवासी_अश्विनी
भाचीकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) आहे का? असेल तर बरोबर आणायला सांगा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट जिथे आहे तिथे, लेण्याद्रीला आहे, भारतीयांना 25 आणि परदेशी माणसाला 300. ओसीआयवाल्यांना भारतीय दर लागतो पण कार्ड दाखवावं लागतं, मी फोटो दाखवला मोबाइलमधला तर खिडकीतल्या बाईंनी ऐकलं नाही, मग नवऱ्यासमोर अर्धा तास तणतण.

कोथरूडकर_मामा
अरे वा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. कार्ड आहे तिच्याकडे.
पण मंडळी एक अडचण. आईचे अष्टविनायकातले सात झालेत, लेण्याद्रीचा गिरिजात्मज तेवढा राहिलाय. बाबा होते तेव्हा पायथ्यापर्यंत जाऊन परतले होते, तेव्हा बाबांना दम लागायचा. आता ती म्हणते लेण्याद्री नसेल तर मी घरीच बरी, तुम्ही जा.

जुन्नरी
मग आईंसाठी स्वतंत्र एक दिवस करा ना. पायथ्याला डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा, खाली येऊन नाही. पण या ट्रिपमध्ये नको, सगळं वेळापत्रक बोंबलतं.

म्युनिकवासी
मामा खोडदची रेडिओ दुर्बीण दाखवा त्याला, जीएमआरटी. 45 मीटर व्यासाच्या 30 डिशा, शेतांत पसरलेल्या. विज्ञान दिनाला लोकांसाठी उघडतात, पण एखादी डिश रस्त्यावरून सुद्धा दिसते. माझे सहकारी शिवनेरीपेक्षा त्यावरच जास्त बोलत होते, मला थोडा रागच आला.

सह्यभटक्या
हरिश्चंद्रगड पण जवळच आहे तिथून.

चहाबाज
आजींना कोकणकड्यावर नेऊन बसवा आता.

जुन्नरी
आणि नाणेघाटला सूर्यास्त बघत थांबू नका. फोटो भारी येतात मान्य, पण परतताना काळोख, आणि आमच्या तालुक्यात बिबट्या ही गोष्ट नाही, रोजचं आहे. उसाच्या कडेला गाडी थांबवून कुणी "जरा उतरतो" म्हणालं तर नाही म्हणा. साडेचारला तिथून निघा.

कोथरूडकर_मामा
(तीन आठवड्यांनी)
जाऊन आलो. आधीच सांगतो, रागावू नका. आम्ही शिवनेरी केला नाही.

मेव्हण्याची अर्टिगा आणली, मीच चालवली. पावणेपाचला निघालो, चाकण रिकामं मिळालं (जुन्नरी, तुमचे पाय धरायला हवेत). गाईड जुन्नरचाच, दगडफूल यांचा यवनांचा प्रश्न फोनवर विचारला. पहिले दोघं "सगळं दाखवतो"वाले निघाले. तिसरा म्हणाला, "कुठला लेख, चिटाचा का इरिलाचा?" त्यालाच ठरवलं, दिवसाचे 2500. इंग्रजी खरंच मोडकं, पण भाचीने मध्ये मध्ये जर्मनमधून सावरलं.

आधी लेण्याद्री. आई डोलीत बसली, आणि अर्ध्यावर उतरून म्हणाली उरलेल्या मी चढते. मी नको म्हणत होतो. तासभर लागला तिला, दर वीस पायऱ्यांना टेकत. वर मूर्ती पाठमोरी आहे असं म्हणतात ते तिला आधीपासून माहिती होतं, मलाच नव्हतं. एवढा मोठा सभामंडप आणि मध्ये एक खांब नाही, भाचेजावई छताकडे बघत राहिले. शेजारची सहा नंबरची चैत्य लेणी (बौद्धांचं प्रार्थनागृह), खांबांवर हत्ती-वाघ कोरलेली, तिथे गाईडने अर्धा तास घेतला आणि आई गार दगडावर बसून जप करत होती. त्यात साडेअकरा झाले. म्हणजे शिवनेरी की नाणेघाट एकच होणार होतं. मत घेतलं, आईने नाणेघाट म्हटलं, म्हणे शिवनेरी मी शाळेच्या सहलीत बघितलाय.

कुकडेश्वर दहा-पंधरा मिनिटांचं ठरवलं होतं, पाऊण तास झाला. नाणेघाटात आई वरच गाडीपाशी थांबली, घाटघरच्या एका बाईंशी तिची हुरड्यावरून ओळख झाली. गुहेत गाईडने मोबाइलच्या उजेडात एकेक अक्षर दाखवलं, मग एक आकडा दाखवला, आणि भाचेजावयांनी वही काढून तो उतरवून घेतला. रांजणापाशी निवृत्त काकांची आठवण काढली. पावणेपाचला निघालो. खर्च डिझेल, टोल, गाईड, डोली धरून 6 हजारांच्या थोडा वर, मासवडी वेगळी.

सह्यभटक्या
जुन्नरला जाऊन शिवनेरी नाही???? विदेशी पाहुण्याला महाराजांचं जन्मस्थान दाखवलं नाही?

निवृत्त_पण_प्रवृत्त
अत्यंत चुकीचा निर्णय. रांजणात नाणे टाकलेत का?

केतकी_हडपसर
माकडांनी काही नेलं का?

कोथरूडकर_मामा
भाचेजावयांची टोपी. नाणं टाकलं काका, एक युरो.

दगडफूल
त्या गाईडचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कुठला आकडा उतरवून घेतला हेही विचारून सांगा, मला उत्सुकता आहे.

चहाबाज
ते सगळं ठीक, मासवडी कुठे खाल्ली ते कोण सांगणार?