परदेशातून एमबीबीएस: महाराष्ट्रात नोंदणी मिळेल की नाही, हे पैसे भरण्याआधी कसं तपासायचं?

पालक_लातूर

मुलगी यंदा नीट पात्र झाली आहे, पण सरकारी जागा मिळण्याची शक्यता नाही आणि खासगीची फी झेपणारी नाही. एजंटांनी तीन पर्याय पुढे केलेत: किर्गिझस्तानात 5 वर्षांचा कोर्स, रशियात 6 वर्षांचा आणि फिलिपिन्समध्ये बीएस धरून साडेपाच वर्षांचा. तिघांचंही म्हणणं एकच, "कॉलेज एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) अप्रूव्ह्ड आहे, परत आलं की परीक्षा द्यायची, विषय संपला." पण परीक्षा पास झालेल्यांचीही नोंदणी अडते असं कानावर येतंय. ती नेमकी कशावर अडते? आत्ता कोणते कागद मागून घ्यावेत? आणि इंटर्नशिप तिथे करायची की इथे? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कागद_तपासनीस

एजंटच्या वाक्यापासूनच सुरू करू. एनएमसी परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही, मान्य कॉलेजांची यादीही काढत नाही. काढते ती सावधगिरीची सूचना. 2025 मध्ये बेलीझ आणि उझबेकिस्तानातल्या काही संस्थांबद्दल अशी सूचना निघाली होती. कॉलेजचं नाव एखाद्या जागतिक डिरेक्टरीत सापडलं, तर ते अस्तित्वात आहे एवढंच कळतं. छाननी होते ती मुलीच्या शिक्षणाची, आणि तीही पदवी हातात आल्यावर. तोपर्यंत फी भरून झालेली असते, म्हणून हिशेब आत्ताच मांडा.

तिला लागू होणारे नियम 18 नोव्हेंबर 2021 चे. किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, एकाच परदेशी संस्थेत, इंग्रजी माध्यमातून. त्याशिवाय त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप. एकूण 66 महिने. आता तुमचे तिन्ही पर्याय या आकड्यावर घासून बघा.

किर्गिझस्तानचे 5 वर्षं म्हणजे 60 महिने, 6 कमी पडतात. "पाचवं वर्ष इंटर्नशिपचंच आहे" असं उत्तर मिळेल, पण मग अभ्यासक्रमाचे 48 च उरतात. फिलिपिन्सचा एमडी 4 वर्षांचा, म्हणजे पुन्हा 48. बीएस ही आधीची वेगळी पदवी, तिचे महिने मेडिकलमध्ये धरले जात नाहीत. रशियाचे 6 वर्षं म्हणजे 72, बेरीज जुळते. तरी बेरीज जुळली म्हणून निर्धास्त होऊ नका. सहावं वर्ष ट्रान्स्क्रिप्टवर (सगळ्या सेमिस्टरांचे विषय आणि गुण दाखवणाऱ्या पत्रकावर) अकरावं आणि बारावं सेमिस्टर म्हणून छापलेलं असेल, त्यात व्याख्यानं आणि परीक्षा दिसत असतील, तर इंटर्नशिप कुठे आहे हा प्रश्न नोंदणी देणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या टेबलावर येणारच. वेगळं इंटर्नशिप प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर हॉस्पिटलचं नाव, विभागवार पोस्टिंग आणि प्रत्येक पोस्टिंगच्या तारखा हव्यात. कॉलेजकडे याचा नमुना मागा. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या भारतीय विद्यार्थ्याला जे प्रमाणपत्र दिलं, त्याची नाव झाकलेली प्रत मिळाली तर उत्तम. "देऊ की नंतर" म्हणणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही.

यापेक्षा अवघड अट पुढची आहे आणि एजंट ती सांगतच नाहीत. ज्या देशात शिकली, त्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने प्रॅक्टिस करता येईल असा परवाना देणाऱ्या तिथल्या नियामक संस्थेकडे तिची नोंदणी व्हायला हवी. निव्वळ पदवी पुरत नाही. रशियात पदवीनंतर प्राथमिक अ‍ॅक्रेडिटेशनची, म्हणजे डॉक्टर म्हणून काम करू देणारी, परीक्षा असते, तीही रशियन भाषेत. सहा वर्षं इंग्रजीतून शिकलेल्याला ती द्यायची तर भाषेची तयारी पहिल्या वर्षापासून हवी. जॉर्जियाचं नावही तुमच्यापुढे येईल. तिथे 6 वर्षांच्या पदवीनंतर स्वतंत्र प्रॅक्टिस करायची तर रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं पदवीनंतरचं प्रशिक्षण) आणि सरकारी परीक्षा पार पाडावी लागते. म्हणून त्या देशाच्या नियामकाला थेट ईमेल करून तीन गोष्टी लेखी विचारा: परदेशी नागरिकाला परवाना मिळतो का, त्यासाठी कोणती परीक्षा आणि कुठल्या भाषेत, आणि परवान्याचा कागद दिसतो कसा. कॉलेजने त्याबद्दल दिलेलं पत्र धरू नका. आपल्याच मालाची पावती कोण वाईट लिहील?

बाकी अटी थोडक्यात. प्रवेशापासून 10 वर्षांत सगळं पूर्ण व्हायला हवं. अभ्यासक्रमाचा किंवा तिथल्या इंटर्नशिपचा कोणताही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात केलेला चालत नाही, आणि मधेच कॉलेज बदलणंही नाही. युक्रेनच्या विद्यार्थ्यांना युद्धामुळे दुसऱ्या देशात शिक्षण पूर्ण करू दिलं, तो अपवाद होता. त्याचा दाखला देऊन कुणी "ट्रान्सफर होते" म्हणालं तर ऐकू नका. नीटचा निकाल परदेशी प्रवेशासाठी 3 वर्षं चालतो, त्यामुळे याच महिन्यात विमानात बसवण्याची घाई त्यांची आहे, तुमची नाही.

तीनशेपैकी_दीडशे

वरच्या उत्तराला जोडून परीक्षेचं लिहितो.

नेक्स्ट, म्हणजे इथल्या आणि परदेशातल्या सगळ्या एमबीबीएसवाल्यांसाठीची एकच परीक्षा, येणार येणार म्हणत अनेक वर्षं गेली. जून 2023 मध्ये नियमावली निघाली आणि जुलैतच ती लांबणीवर टाकली गेली. तोवर एफएमजीई, म्हणजे परदेशी पदवीधरांची पात्रता परीक्षा, आहे. ती एनबीईएमएस हे राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये. 300 प्रश्न, दोन भागांत दीडशे-दीडशे, चुकीला गुणकपात नाही, पास व्हायला 150. ऐकायला सोपं वाटतं, पण जून 2024 मध्ये साधारण पाचातला एकच पास झाला, आणि आधीच्या बऱ्याच फेऱ्यांची गोष्ट अशीच आहे.

नापास होण्याचं कारण बुद्धीत शोधू नका, गुणांच्या वाटणीत शोधा. मेडिसिनला 33, सर्जरीला 32, स्त्रीरोग-प्रसूतीला 30 आणि कम्युनिटी मेडिसिनला तेवढेच 30. या शेवटच्या विषयात भारताचं लसीकरण वेळापत्रक, क्षयरोग कार्यक्रमातली औषधं, प्राथमिक आरोग्य केंद्र किती लोकसंख्येला (सपाट भागात 30,000, आदिवासी-डोंगराळ भागात 20,000) असे प्रश्न येतात. बिश्केक किंवा कझानच्या वर्गात हे कोण शिकवणार? ते घरून पार्कचं (कम्युनिटी मेडिसिनचं नेहमीचं) पुस्तक नेऊन स्वतःच वाचावं लागतं, आणि शेवटच्या वर्षाची वाट न पाहता तिसऱ्या वर्षापासून. फॉरेन्सिकचे 10 गुणही इथल्या कायद्यावर असतात आणि अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री मिळून 51. पहिल्या वर्षाचं विसरलेलं सहा वर्षांनी परत वर काढायचं असतं, तिथे वेळ जातो.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या पाच देशांत पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही करून तिथे डॉक्टर म्हणून नोंद झालेल्यांना या परीक्षेतून सूट असते. तुमच्या तिन्ही पर्यायांना तिचा उपयोग नाही.

बारा_आठवडे

इंटर्नशिप तिथे की इथे, याचं उत्तर: दोन्हीकडे. तिथले 12 महिने अभ्यासक्रमाची अट म्हणून आणि परीक्षा पास झाल्यावर इथले 12 महिने वेगळे.

इथला क्रम असा. आधी परीक्षा पास, मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिपची जागा, ती पूर्ण झाल्यावर कायम नोंदणी. तात्पुरती नोंदणी हातात येण्याआधी "ओळखीच्या हॉस्पिटलमध्ये काम सुरू कर" असं कुणी सुचवलं तर ते दिवस मोजले जात नाहीत. शिवाय नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केल्यास एनएमसी कायद्याच्या कलम 34 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

जागांचं गणितही समजून घ्या, कारण पास होऊनही थांबावं लागतं ते इथे. परदेशातून आलेल्यांसाठी कॉलेजच्या मंजूर जागांच्या जास्तीत जास्त 7.5 टक्के अशी मर्यादा घातली गेली. 200 जागांच्या कॉलेजात 15, शंभराच्या कॉलेजात 7. निकाल लागला की शेकडो जण एकाच वेळी रांगेत, आणि मुंबई-पुण्यातल्या जागा आधी जातात. जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी कॉलेज घ्यायची तयारी ठेवा. प्रसूती आणि अपघात विभागात हाताला जास्त काम तिथेच मिळतं. 12 महिन्यांत कम्युनिटी मेडिसिन 12 आठवडे, स्त्रीरोग-प्रसूती 7, मेडिसिन 6, सर्जरी 6, बाकी लहान पोस्टिंग. रजा 15 दिवस, त्याहून जास्त झाली की इंटर्नशिप तेवढी पुढे सरकते.

पैशांबद्दल: कॉलेजने परदेशी पदवीधराकडून इंटर्नशिपसाठी शुल्क घेऊ नये आणि विद्यावेतन इथल्या विद्यार्थ्यांइतकंच द्यावं, असं एनएमसीचं मार्च 2022 चं परिपत्रक आहे. "डेव्हलपमेंट फी" वगैरे नावाने मागणी झाली तर ती लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितल्यावर मागणीच विरते.

दुसऱ्या राज्यात जागा मिळाली तर तात्पुरती नोंदणीही त्याच राज्याच्या कौन्सिलकडे होते. नंतर महाराष्ट्रात यायचं तर तिथली एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणावी लागते. त्यात वेळ जातो, पण मार्ग बंद होत नाही.

आणि एक, कायम नोंदणी झाल्यावरचं. रशियन पदवीवर "एमडी" लिहिलेलं असलं तरी इथे ती प्राथमिक पदवी आहे. दवाखान्याच्या पाटीवर नुसतं "एमडी" रंगवणं म्हणजे तक्रारीला आमंत्रण.

कागद_तपासनीस

एक गोष्ट राहिली, आणि ती खास आपल्याकडची आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. रशियन कागदावर नाव सिरिलिकमध्ये जातं आणि त्या लिपीत "ह" ला नेमकं अक्षर नाही. "हर्षदा" चं भाषांतर होऊन परत येताना इंग्रजीत "खर्षदा" होऊन येतं. चार कागदांवर चार नावं झाली की अर्ज परत येतो, मग प्रतिज्ञापत्रं आणि कॉलेजची खुलासापत्रं गोळा करत बसा. प्रवेशाच्या वेळीच कॉलेजला पासपोर्टवरचं इंग्रजी स्पेलिंग लिहून द्या. पहिल्या वर्षाच्या ओळखपत्रावर ते तसंच आलंय का बघा आणि चुकलं असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. पदवी छापल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा त्या देशाची वारी.

अपॉस्टिलही, म्हणजे कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का, तिथेच करून घ्यायचं. रशियाच्या पदवीवर मुंबईत अपॉस्टिल मिळत नाही. ज्या देशाने कागद दिला तोच ते करतो. पदवी, ट्रान्स्क्रिप्ट आणि इंटर्नशिप प्रमाणपत्र तिन्हींचं, प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह, देश सोडण्यापूर्वी.

पालक_लातूर

सगळ्यांचे आभार. किर्गिझस्तान आणि फिलिपिन्स बाद केले. शेवटची शंका: पहिलं सेमिस्टर ऑनलाइन घेऊन जानेवारीत जायचं, व्हिसाला उशीर होतो म्हणून, असं एजंट म्हणतोय. चालेल?

बारा_आठवडे

नाही. संपूर्ण शिक्षण तिथे राहून झालेलं हवं. कौन्सिल पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के ट्रान्स्क्रिप्टच्या तारखांशी ताडून बघते. कोविड काळात ऑनलाइन शिकलेल्यांना इथे दोन-तीन वर्षांच्या इंटर्नशिपपर्यंत पाळी आली, आणि "वर्ग भरून काढले" अशी कॉलेजची प्रमाणपत्रं 2024 मध्ये पुन्हा तपासायला निघाली. व्हिसा हातात नसेल तर प्रवेश पुढच्या सत्राचा घ्या. जुना पासपोर्ट संपला तरी तो जपून ठेवायला सांगा, शिक्के त्यातच असतात.